ओल्या सागाचं माळवद

मामंजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेलं माणूस आता शोधावं लागतं. मला शोधावं लागत नाही. जालन्याच्या ठेसनामागची आपली आरागिरणी आणि ओंडक्यावर एक पाय ठेवून उभे असलेले तुम्ही, डोळे मिटले की समोर असता. कुऱ्हाडीनं साल थोडी उडवायची, ढलपी नाकाशी न्यायची आणि सांगायचं, हा साग, हा बिबळा, हा हेदू. तेव्हा निजामाचं राज्य होतं. जंगलातला माल रेल्वेनं यायचा आणि अंबड-मंठ्याकडचे लोक घर बांधायला काढलं की आधी तुमच्या दारात यायचे. भाव विचारायच्या आधी तुमचा शब्द घ्यायचे. तो शब्द तुम्ही कसा वापरलात, ते मी विसरलेली नाही.

मी सून होऊन आले तेव्हा गिरणीच्या आवारात बायकांनी पाऊल टाकायचं नाही असा तुमचा दंडक होता. पण चुलीत जळायच्या त्या गिरणीच्याच ढलप्या. साग पेटला की तेलकट, जुन्या चामड्यासारखा वास यायचा. अंजन पेटायला रडवायचा, पण एकदा पेटला की शेवटच्या भाकरीपर्यंत आर टिकायचा. बिबळ्याचा तुकडा पाण्यात पडला तर पाणी तांबूस व्हायचं. आणि ओलं लाकूड, कुठलंही असो, चुलीत फुसफुसतं, त्याच्या टोकाला फेस येतो. एकदा तुम्ही जेवायला बसला होतात आणि मी सासूबाईंना हळूच म्हणाले की आजच्या ढलप्या फार ओल्या आहेत, हा माल वाळायला लई दिवस घेईल. तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "चुलीपुढं बसून लाकूड कळलं असतं तर गिरणी कशाला काढली असती मी?" पंगतीतले सगळे हसले. फक्त हे हसले नाहीत. तुमचा थोरला. मागून त्यांनी मला ती फेसाची गोष्ट पुन्हा विचारली, नीट ऐकून घेतली.

वाळवणीचं काम ह्यांच्याकडं होतं. ओंडक्यांच्या तोंडाला ते शेणमाती लिंपत, म्हणजे उन्हानं भेगा पडू नयेत. कापलेल्या फळ्यांची सावलीत थप्पी लावत, प्रत्येक थराखाली बारीक पट्ट्या देऊन, म्हणजे वारा सगळीकडून फिरावा. वाळली की नाही ते बघायला फळी गालाला लावत. गार लागली की परत थप्पीत. तुम्ही त्यांना चिडवायचात की हा फळ्यांचे मुके घेतो. घाई तुम्हाला होती, त्यांना कधीच नव्हती.

मंठ्याच्या त्या मास्तरांनी माळवदासाठी, म्हणजे मातीच्या सपाट छपरासाठी, सागाच्या तुळया सांगितल्या होत्या. वर हातभर माती पडणार, म्हणून हे त्यांच्यासाठी माल वेगळा वाळवत होते. तो वाळलेला माल तुम्ही एका बड्या जमीनदाराला देऊन टाकलात आणि मास्तरांच्या गाडीत आठवड्यापूर्वी कापलेला ओला साग चढवायला सांगितलंत. हे गाडीच्या आडवे उभे राहिले. म्हणाले, ह्या तुळया वाकतील, माती पेलणार नाहीत. तुम्ही म्हणालात, "वर चढल्यावर वाळंल. बाजूला हो." हे बाजूला झाले, पण तुळईला हात लावला नाही. हमालांना घेऊन गाडी तुम्ही भरलीत. मी मागच्या दारात उभी होते. मी पाहिलं.

त्या उन्हाळ्यात तुळया वाकल्या. पावसानं माती भिजून जड झाली आणि भर दुपारी माळवद खाली आलं. मास्तरांची बायको खाली सापडली. ती जगली, पण पुन्हा कधी आपल्या पायांवर उभी राहिली नाही. मास्तर चार माणसं घेऊन गिरणीत आले तेव्हा तुम्ही बाजेवर बसला होतात. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी परगावी गेल्तो. थोरल्यानं माझ्या माघारी ओला माल भरला." ह्यांनी तुमच्याकडं पाहिलं. मास्तर ह्यांना तोंडाला येईल ते बोलले, ह्यांच्या पायाशी थुंकले, आणि हे उभेच राहिले. चारचौघांत बापाला खोटा म्हणणं त्यांच्याच्यानं होणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. त्याच भरवशावर तुम्ही बोललात.

त्यानंतर ह्यांच्या हातची फळी कुणी घेईना. ते किनवटकडच्या जंगलात एका ठेकेदाराकडं कामाला गेले. तिकडं ताप आला. ते गेल्याचा निरोप मालगाडीच्या लाकडाच्या वाघिणीबरोबर आलेल्या माणसानं दिला. मला त्यांचं तोंडही दिसलं नाही. तुम्ही त्या दिवशीही गिरणीचं इंजिन बंद केलं नाहीत.

मग तुमची नजर गेली. धाकट्याला गिरणीत रस नव्हता. एकदा भरल्या आवारात तुम्ही हेदूला साग म्हणालात आणि कामकरी एकमेकांकडं बघू लागले. मी मागच्या दारातून उतरून आत आले, ढलपी हुंगली आणि म्हणाले, "मामंजी, हा साग न्हाई." तुम्ही मला परत पाठवलं नाहीत. पाठवून चाललंच नसतं. हळूहळू गिऱ्हाईक मला विचारून माल घेऊ लागलं. थप्प्या मी लावून घ्यायची, इंजिन माझ्या सांगण्यावर चालायचं, बंद व्हायचं. मी वाट पाहत होते.

मास्तर परत आले ते लेकाच्या घरासाठी लाकूड बघायला. भीतभीतच आले, दुसरीकडं सोय झाली नव्हती म्हणून. मी इंजिन थांबवलं. सगळ्यांना बाजेभोवती बोलावलं आणि म्हणाले, "मामंजी, मंठ्याचे मास्तर आलेत. त्यांना ओला माल कुणी भरून दिल्ता, ते सांगा."

"जुनं उकरून काय करून राह्यली तू?"

"तुम्ही सांगेपर्यंत करवत फिरणार न्हाई. आजबी न्हाई, उद्याबी न्हाई."

तुम्ही तोंड फिरवलंत. मी मास्तरांना मुक्कामाला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं रिकामी बसली, गाड्या दारात खोळंबल्या, आणि तुम्ही बाजेवर कान टवकारून त्या शांततेत बसून होतात. ऊन वर आल्यावर तुम्ही म्हणालात, "मी भरला. पोरगं नको म्हणत होतं." मास्तर ओंडक्यावर बसले. "मी त्या पोराला काय काय बोललो," एवढंच ते पुटपुटले. मी इंजिन सुरू करायला सांगितलं.

तुम्हाला वाटलं असेल, इथं माझं समाधान झालं. नाही झालं. पुढची सगळी वर्षं तुम्हाला वेळेवर गरम भाकरी मिळाली, धुतलेलं धोतर मिळालं, पण माझ्या तोंडून एक शब्द मिळाला नाही. शेवटी तुम्ही माझा हात चाचपून म्हणालात, सूनबाई, आता तरी बोल. मी तुमची गोधडी सारखी केली आणि फळ्या बघायला निघून गेले. मला त्याचा पस्तावा नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, कुणाला सांगितलेली नाही. तुमचं ते "मी भरला" मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं, त्यातली घरघरसुद्धा. ह्यांचा आवाज मात्र कसा होता, ते मला आठवत नाही.