मामा तलावाचा दाखला

१९ जुलै
इन्ग्रिडचा मेल! तीनदा वाचला. इन्ग्रिड म्हणजे नॉर्वेतल्या बर्गनच्या मासळी-संशोधन कंपनीत माणसं नेमणारी बाई. लिहिते — 'तुमचा दोन वर्षांचा अनुभव तुमच्या मामांच्या तलावावरचा दिसतो. घरच्या मदतीला आम्ही अनुभव धरत नाही. कृपया खुलासा करावा.'

मला मामाच नाही! आईला भाऊच नव्हता.

दाखला पुन्हा उघडला. आमच्या गावच्या मच्छीमार संस्थेनं मराठीत लिहिलं होतं, 'मामा तलावावर काम केले.' चंद्रपूरच्या भाषांतरवाल्यानं सरळ मामाचा तलाव करून टाकला. माजी मालगुजारी तलाव, आता सरकारी — 'मा.मा.' म्हणून आपल्याकडे सगळे मामा तलावच म्हणतात. त्याला तरी काय बोलू? मी स्वतःच न वाचता पाठवला. मी! जी तिकीट चारदा तपासते.

बाबांना सांगितलं तर ते खाटेवर पडून हसतच सुटले. "तुह्या मायले भाऊ नोता, तं सरकारनं देला!"

हसू आलं नाही. नॉर्वेत दोन वर्षं शिकून आता घरी आले आहे; तिथला विद्यार्थी म्हणून मिळालेला माझा परवाना १५ ऑगस्टला संपतो. नोकरीच्या परवान्याचा अर्ज त्याआधी गेला पाहिजे. अर्जाला करार लागतो आणि करार या खुलाशावर अडला आहे. नाहीतर सगळं पहिल्यापासून, आणि इन्ग्रिड तितकी थांबणार नाही.

२१ जुलै
एका ओळीत उत्तर देता येईल — भाषांतर चुकलं, मामा म्हणजे मामा नव्हे. खरंच आहे ते.

पण तिनं विचारलंय ते वेगळंच. घरची मदत होती की नोकरी?

बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं तलावात मासळीचं बीज मी सोडलं, मोजणी मी केली, पाणी मी तपासलं. पण आम्हा ढिवर मासेमारांच्या संस्थेच्या रजिस्टरात नाव बाबांचं आहे — लटारू. सभासद ते. बायांची नावं रजिस्टरात नाहीतच. मी बाबांच्या नावावर काम केलं. मग काय म्हणायचं त्याला?

संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष पत्रूभाऊ आले. बाबांनीच बोलावलं असणार.

"त्यात का हाय? मी लिवून देतो ना. मागची तारीख टाकतो, सभासद नंबर टाकतो. शिक्का कोनाचा हाय? आपलाच!"

मी नाही म्हटलं.

"काऊन?"

"खोटं होईल ते, भाऊ."

"बाप्पा! लटारू, तुह्या घरी तं हरिश्चंद्राची नात जन्मली रे!"

सगळे हसले. आई चुलीपाशी होती, ती हसली नाही. 

२४ जुलै
उत्तर लिहिलं नाही. दिवसभर धानाची रोवणी. कंबर धरली.

२६ जुलै
लिहिलं. पाठवलं.

'तलाव मामाचा नाही, सरकारचा आहे. संस्थेकडे तो ठेक्यानं आहे. काम मी केलं, पण सभासद वडील आहेत. मला पगार नव्हता. माझं नाव कुठेही लिहिलेलं नाही. याला अनुभव म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.'

 'तुम्ही ठरवा' उद्धट वाटलं असेल का? मंजुषा म्हणते, "ताई, तू नोकरी मागून राह्यली का गुन्हा कबूल करून राह्यली?" मंजुषा माझी चुलत बहीण. गडचिरोलीला इंग्रजी घेऊन बी.ए. करते. तोंड फार चालतं.

१ ऑगस्ट
उत्तर आलं. नाही म्हटलेलं नाही! 'तुमच्या कामावर देखरेख कोणाची होती? त्या व्यक्तीशी बोलायला आवडेल. व्हिडिओवर, ८ तारखेला.'

हात आपोआप बाबांचं नाव टाइप करू लागला. मग थांबले. बाबा जाळं टाकतात, मासळी बाजारात नेतात. मला त्यांनी कधी शिकवलं? सात वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नव्हते. आईच्या मागे पाळीवर, तलावाच्या बांधावर, असायचे. टोपल्यातली बोटुकली — बोटाएवढी मासळी — दहा-दहा मोजून मी आकडे शिकले. हिशेब आला म्हणून गुरुजींनी थेट दुसरीत बसवलं होतं.

बाबांना भीत भीत सांगितलं. ते चिडतील वाटलं.

"मले कायले इचारतीन? मायलेच इचारा. मी तं जाळं टाकतो अन् झोपतो."

आईचं नाव पाठवलं. गिरजा. स्पेलिंग चारदा तपासलं.

५ ऑगस्ट
आईचं बोलणं इंग्रजीत कोण सांगणार? आई म्हणाली, "तूच सांग."

माझ्याबद्दलची साक्ष मीच कशी भाषांतर करू! मंजुषा करेल. मी खोलीतही बसणार नाही.

"पन ताई, एखादा शब्द सरकला तं फायदा तुलेच ना?"

"म्हणूनच."

"धन्य हाय बाई तू."

८ ऑगस्ट
नीट लिहायला हवं. सगळं.

रेंज समाजमंदिरात चांगली येते. आई तिथे खुर्चीत, ठेवणीतल्या लुगड्यात. शेजारी मंजुषा. मी बाहेर पायरीवर. आई हळू बोलते, त्यामुळे मला ऐकू येत होतं ते मंजुषाचं इंग्रजीच. आईचे शब्द त्यावरून लिहिते आहे.

आधी सोपं चाललं. मी काय करायचे, किती वाजता जायचे. 'काम चांगलं करते, पण विचार फार करते.' आत इन्ग्रिड हसली.

मग तिनं विचारलं — तिच्या हातून कधी चूक झाली?

 आई बोलली.  मग मंजुषा इंग्रजीत सांगू लागली.

मी अकरा वर्षांची होते. संस्थेचं बीज आलं होतं, पिशव्यांमधून. पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायच्या असतात. आतलं पाणी आणि तलावाचं पाणी सारखं झालं की मगच सोडायच्या. आई भात घ्यायला घरी गेली होती. मी एकेक पिशवी फोडून पाण्यात ओतली. 'तिले वाटलं, पिशवीत जीव कोंडून राह्यला.'

पिशव्या मला आठवतात. ओतलेलंही आठवतं. पुढचं माहीत नव्हतं. सगळं बीज मेलं. आईनं संस्थेत चूक स्वतःवर घेतली. त्या साली पहिली बाई सभासद म्हणून आईचंच नाव लागणार होतं. ते तिनं मागे घेतलं. आणि दुसऱ्याच दिवशी मला एटापल्लीला मावशीकडे धाडलं. आठ दिवस! मला वाटायचं, लाड म्हणून.

'मंग दरसाल मी तिले पाण्यात हात घालून अर्धा घंटा बसवलं. काऊन, ते सांगितलं नाई. आता ते माह्याहून जास्त बसते.'

इन्ग्रिड काय म्हणाली, ते ऐकू आलं नाही. मी उठून गेले होते.

९ ऑगस्ट
आईला काही विचारलं नाही.  जेवताना तिनं माझ्या ताटात मरळचा मधला तुकडा वाढला. नेहमी बाबांना वाढते.

१२ ऑगस्ट
करार आला!! दोन वर्षं अनुभव म्हणून धरलेली नाहीत, सुरुवात खालच्या पायरीवरून. पण काम तेच, गोड्या पाण्यातलं बीज. शेवटी इन्ग्रिडनं लिहिलंय, 'तुमच्या देखरेख करणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगा.'

दुपारी अर्ज गेला. तीन दिवस राखून. सद्यस्थितीच्या खान्यात दोन वर्षं 'विद्यार्थी' निवडत होते. आज 'नोकरी' निवडलं. तपासलं. पुन्हा तपासलं. बरोबर होतं.

आईला नमस्कार सांगितला. "बरं," म्हणाली.

१३ ऑगस्ट
आज संस्थेची सभा होती. बाबांच्या मागे बसले होते, उभी राहिले.  म्हटलं — त्या साली बीज आईनं नाही, मी मारलं. तिचं नाव रजिस्टरात घ्या.

कोणी चकित झालं नाही. पत्रूभाऊंनी पान तोंडात सरकवलं.

"बस ना, बाई. पाळीवर तुले सगळ्यायनंच पाह्यलं होतं. चवदा वर्सं झाले. तुही मायच म्हणे, पोरीले कोनी सांगू नोका, ते पाण्याले भेईल."