हरिणी आणि बोटभर झाड

शनिवार, १ नोव्हेंबर. एडिनबरा.

ती वाफ डोळ्यांसमोरून जात नाहीये.

सोमवारी आमच्या कम्युनिटी ट्रस्टमध्ये व्होटिंग आहे: ट्रस्टच्या डोंगरावरची हरणं गोळी घालून कमी करायची की नाही. माझं ‘नाही’ ठरलेलंच होतं. दर रविवारी विहारात पंचशील घेते मी. पहिलंच शील प्राणिहत्या न करण्याचं. पण डोंगर सांभाळणारी, हरणं टिपणारी मोरॅग म्हणाली, “आधी वर चल, बघ, मग ठरव.”

म्हणून आज गेले. दोघी ओल्या गवतात पालथ्या पडलो होतो आणि समोर हरिणी उभी. केवढी! नाकातून वाफ निघत होती. मोरॅगने बंदूक रोखली आणि माझे हात आपोआप जोडले गेले. पहिलं शील तोंडातून चक्क मोठ्याने निघालं. हरिणीने कान टवकारले, आणि क्षणात गायब. वाफ तेवढी हवेत राहिली.

वाटलं, आता मोरॅग चिडणार. पण नाही. “काय म्हणालीस?”

“मारणार नाही, असं.”

“मग यालाही सांग,” म्हणत तिने गवत बाजूला केलं. बोटभर रोप, शेंडा कुरतडलेला. “हे झाड पंधरा वर्षांचं आहे. दरवर्षी वाढतं, दरवर्षी हरणं खातात. अस्वलं, लांडगे आम्हीच संपवले. त्यांचं काम आता कोण करणार?”

पंधरा वर्षं! माझ्या मुलीच्या वयाचं. आणि तरीही हिरवं.

त्याच्यापुढेही हात जोडले गेले.

सोमवारी यातलाच एक हात वर करायचाय.