अशा बायका असतात तरी किती?

प्रिय मावशी,

तुझा पत्ता घरात कुणाकडेच नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील.

व्यसनांवरच्या एका संशोधन नियतकालिकाच्या संपादक मंडळावर मी आहे. आज दुपारच्या बैठकीत टेबलावर पिवळं ऊन पसरलं होतं, डोळे जड झाले होते. समोर एक लेख होता, घरात चोरून दारू पिणाऱ्या बायकांवरचा. आम्ही आजवर छापलेले बहुतेक अभ्यास पुरुषांवरचेच. मुख्य संपादक म्हणाले, "अशा बायका असतात तरी किती? परत पाठवू या."

तेवढ्यात रिकाम्या खुर्चीत तू दिसलीस. केस मोकळे, वास लपवायला तोंडात लवंग, आणि गालातल्या गालात हसणारी.

मी बोलून गेले, "माझी मावशी प्यायची."

आईने जे कधी उच्चारलं नाही, ते मी परक्यांसमोर बोलले होते. मुख्य संपादकांनी लेख पुन्हा जवळ ओढला. छापायचं ठरलं.

निघताना त्यांनी हळूच विचारलं, "मग त्या बऱ्या झाल्या का?"

"माहीत नाही. कुणी विचारलंच नाही."

मावशी, तू कशी आहेस गं?

तुझीच,
बडबडी