आबा, तुमच्या नावचा कडू घास

पिंपरी, १२ जानेवारी १९५७

तीर्थरूप आबांच्या चरणी रंगाचा नमस्कार.

औषधांच्या कारखान्यातलं काम अंगवळणी पडलंय, जेवणही वेळेवर होतं. आईला सांगा.

तुमच्या इटलीतल्या लढाईवर कादंबरी लिहितोय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. परवा तिच्यातल्या शिपायाला मी मारलं. त्याचं नावही आबाच ठेवलंय. ते पान मोठ्यानं वाचताना "आबा गेले" म्हटलं आणि मीच रडलो.

भिंतीपलीकडे शेजारच्या दुर्गाबाईंनी तेवढंच ऐकलं. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून बाई कडू घास घेऊन दारात. पिठलं-भाकरी. मागं कोपऱ्यावरचे चहावाले चांदभाई किटली घेऊन, मान खाली.

खरं सांगितल्यावर बाई कडाडल्या, "जित्या बापाला मारतोस व्हय रं? आदी माघारी आण त्याला."

पिठलं झकास होतं, तिघांनी मिळून संपवलं. शिपाईही जिवंत केला.

तुमचा खोकला कसा आहे? आईच्या पत्रात त्याबद्दल काहीच नव्हतं. इथं चांगले डॉक्टर आहेत.

आता तुम्ही आलात की गोड घासही आपल्याच हातचा, असं दुर्गाबाईंनी बजावलंय. पुरणाची डाळ आणून ठेवलीय. कादंबरीतला शिपाई गाडीतून उतरलाय, आबा. आता तुम्ही उतरा. मी स्टेशनावर उभा असेन.

तुमचा,
रंगा