माफीपत्राची प्रत विरुद्ध पक्षास

प्रति,
मा. निवारण अधिकारी,
माहिती संरक्षण व तक्रार निवारण कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.

विषय : वकिलांच्या फर्ममधून माहिती चोरीस गेल्याच्या प्रकरणात, अर्जदाराचा पत्ता कोणत्याही कागदावर न लिहिता अर्ज दाखल करून घेणेबाबत.

संदर्भ : १) फर्मचे माफीपत्र.
२) माफीपत्राबद्दल फर्मचे दुसरे माफीपत्र.
३) आपले पत्र, शेरा ‘अर्ज अपूर्ण, सबब परत’.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, आपल्या कार्यालयाच्या ‘बाधित व्यक्तींसाठी कायदेशीर मार्ग’ या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे या अर्जात स्वतःचा उल्लेख सर्वत्र ‘अर्जदार’ असाच केला आहे. अर्जदार सोफे व खुर्च्यांना नवे कापड चढवण्याचे काम करते. सध्या तिच्या उजव्या हाताची दोन बोटे वाकत नाहीत, त्याचे कारण पुढे येईल. अक्षर वाईट आले आहे ते त्यामुळे, आदर कमी आहे म्हणून नव्हे.

२. अर्जदाराचे लग्न नऊ वर्षे टिकले. त्या काळात माजी पतीने अर्जदाराच्या गळ्याचे हाड एकदा आणि बरगड्या दोनदा मोडल्या. तो आतबाहेर काही न ठेवणारा माणूस आहे. जे मनात येते ते लगेच त्याच्या हातात येते. सदर फर्मने अर्जदाराला घटस्फोट मिळवून दिला, त्याबद्दल अर्जदार आजही त्यांची ऋणी आहे. त्यानंतर अर्जदार थोरल्या बहिणीकडे (यापुढे ‘ताई’) राहू लागली. घर वर आणि कामाचा गाळा खाली. हा पत्ता अर्जदाराने फक्त फर्मला दिला. त्यांनी तो फाईलमध्ये लिहून त्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारला. शिक्का फार सुरेख उमटला होता.

३. या वर्षाच्या सुरुवातीला चोरट्यांनी फर्मच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून अकराशे फाइली पळवल्या. त्या चोरट्यांविरुद्ध अर्जदाराची काहीएक तक्रार नाही, हे येथे स्पष्ट करण्यात येते. त्यांनी अर्जदाराला आजतागायत बोटही लावलेले नाही. तक्रार आहे ती माफीची.

४. फर्मने प्रत्येक बाधित व्यक्तीला माफीपत्र पाठवले. पत्रे पाठवण्याचे काम तेथील वयोवृद्ध हेडक्लार्ककडे आहे. त्यांचा शिरस्ता असा की, पत्र ज्या फाईलचे, त्या फाईलमधल्या प्रत्येक माणसाला त्याची प्रत जाते, आणि प्रत कोणाकोणाला गेली ते पत्राखाली पूर्ण पत्त्यासह लिहिले जाते. अर्जदाराच्या फाईलमध्ये दोनच माणसे आहेत. न्यायालयाने संसार मोडला, पण फर्मची फाईल मोडली नाही. तेव्हा अर्जदाराकडे पत्र आले, ‘आपली माहिती उघड झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत’. त्याच मजकुराची प्रत, वर अर्जदाराचा नवा पत्ता लिहून, माजी पतीकडे रवाना झाली. रजिस्टर टपालाने. पोचपावतीसह.

५. आठव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तो गाळ्यात आला. अर्जदार तेव्हा एका दातांच्या डॉक्टरांकडच्या खुर्चीला पट्टे ठोकत गुडघ्यांवर बसली होती, तोंडात बारीक खिळे धरलेले, त्यामुळे तिला ओरडताही आले नाही. त्याने खिशातून घडी घातलेले पत्र काढून दाखवले आणि म्हणाला, “बघ, वकिलांनीच बोलावलंय.” मग अर्जदाराचीच हातोडी उचलून त्याने अर्जदाराचा हात खुर्चीच्या फळीवर दाबला आणि बोटांवर तीन घाव घातले. दोन बोटांचा चुरा झाला. तिसरा घाव चुकून फळीवर बसला. आवाज ऐकून ताई वरून धावत आली आणि तिने चिकटवायच्या डिंकाचा डबा त्याच्या तोंडावर मारला. तो वळला. पुढचा घाव ताईच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला, साहेब. अर्जदाराने कापड कापायची मोठी कात्री डाव्या हाताने त्याच्या मांडीत घातली, तेव्हा तो लंगडत पळाला. फरशीवर डिंक, रक्त आणि खिळे असा सगळा काला झाला होता, आणि अर्जदार त्यात ताईचा चष्मा शोधत होती. त्याच्या डाव्या काचेचा आता उपयोग काय, हे तिला कितीतरी वेळ सुचलेच नाही.

६. गुन्हा नोंद आहे आणि तो जामिनावर सुटलेला आहे. अर्जदाराच्या घराजवळ फिरकण्यास त्याला मनाई करावी, अशी अर्जदाराने पोलिसांना विनंती केली. अंमलदार भला माणूस होता. तो म्हणाला, “बाई, मनाई करतो की. पण कुठे यायचं नाही ते त्याला लिहून द्यावं लागेल ना?” अर्जदार आणि ताई त्याच आठवड्यात दुसऱ्या वस्तीत राहायला गेल्या.

७. यानंतर अर्जदाराने आपली पुस्तिका उघडली. तीत पाच मार्ग दिलेले आहेत आणि अर्जदाराने एकही सोडलेला नाही. पहिला मार्ग, पासवर्ड बदलावा, बदलला. दुसरा, बँकेच्या खात्यावर लक्ष ठेवावे. ठेवले, खात्यात कोणीही हातोडी घेऊन शिरलेले नाही. तिसरा मार्ग, फर्मकडे लेखी तक्रार करावी. फर्मच्या तक्रार-फॉर्मवर ‘सध्याचा पत्ता’ हा रकाना होता आणि अर्जदाराने तो भरला. ही चूक अर्जदाराची आहे आणि ती कबूल आहे. कागदाने एकदा दगा दिल्यावरही माणूस दुसरा कागद सरळ मनाने भरतो, याला काय म्हणावे ते अर्जदाराला कळत नाही. बारा दिवसांनी फर्मचे उत्तर आले. पहिल्या पत्रामुळे झालेल्या त्रासाबद्दल त्यात मनापासून खेद होता. खाली ओळ होती, ‘प्रत माहितीसाठी’, आणि माजी पतीचे नाव.

८. या खेपेस तो लोखंडी कांब घेऊन आला. दार तकलादू होते, चौथ्या तडाख्याला बिजागरीतून निखळले. त्याने अर्जदाराला केसांना धरून जिन्यापर्यंत ओढत नेले. तिथे ताईने त्याच्या दंडाला असा चावा घेतला की शेजाऱ्यांनी दोघांना ओढून सोडवले, तेव्हा त्याच्या दंडाचा तुकडा ताईच्या तोंडात होता. तो पळाला. ताईने चूळ भरली आणि म्हणाली, “एक डोळा उरलाय. त्याला ओळखायला तेवढा पुरतो.” अर्जदार त्या जिन्यावर बसून हसली. ते हसणे चांगले नव्हते हे तिला माहीत आहे.

९. अर्जदार नंतर फर्ममध्ये स्वतः गेली. हेडक्लार्क आजोबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले आणि रजिस्टर उघडून दाखवले. म्हणाले, “पोरी, पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक प्रत चुकली नाही बघ.” अर्जदाराने त्यांना आपला हात दाखवला. त्यांनी रजिस्टर मिटले. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारले, “मग नियमाने काय करायला हवं होतं मी?” अर्जदार त्यांना मारायच्या तयारीने गेली होती. ती त्यांचे पाणी पिऊन परत आली, आणि याचाही तिला राग आहे.

१०. चौथा मार्ग, सर्व बाधितांनी मिळून एकत्र दावा करावा. त्याची सभा एका सभागृहात होती. दारावरच्या बाईंनी यादी पाहून सांगितले की, बसण्याची व्यवस्था फाईल क्रमांकाप्रमाणे आहे. अर्जदाराच्या शेजारच्या खुर्चीवर कोणाच्या नावाची चिठ्ठी होती, हे साहेबांना सांगायला नको. अर्जदार दारातूनच परत फिरली.

११. पाचवा मार्ग म्हणजे आपण. दुसऱ्या हल्ल्यानंतर पुन्हा घर बदललेल्या अर्जदाराने पत्त्याचा रकाना कोरा ठेवून अर्ज केला. तो ‘अपूर्ण’ अशा शेऱ्याच्या पत्रासह आपल्या खिडकीवरच परत मिळाला. सात दिवसांत पत्ता न कळवल्यास प्रकरण निकाली काढण्यात येईल, आणि अर्जाची प्रत फाईलमधील सर्व संबंधितांना देणे बंधनकारक आहे, असे त्यात कळवले आहे. दरम्यान माजी पतीनेही आपल्याकडे अर्ज केला आहे. तोही बाधित आहे, कारण त्याचीही माहिती चोरीला गेली. त्याचे म्हणणे असे की, फर्मने पत्ता दिला नसता तर तो गेला नसता, आणि गेला नसता तर त्याच्या मांडीत कात्री शिरली नसती व दंडाचे मांस गेले नसते. डॉक्टरांचा दाखला जोडलेला आहे. पत्ताही पूर्ण आहे. त्याचा अर्ज परिपूर्ण ठरून दाखल झाला आणि त्याला सुनावणीची तारीख मिळाली. अर्जदाराला हे कसे कळले? तर त्या सुनावणीच्या नोटिशीची प्रत अर्जदारालाही देणे भाग होते, आणि पत्ता नसल्याने ती आपल्या नोटीस बोर्डावर डकवलेली आहे. तारीख आजची आहे. वेळ दुपारी तीन.

१२. तरी विनंती की, फर्मने अर्जदार आणि माजी पती यांची एक फाईल मोडून दोन कराव्यात. अर्जदाराचा पत्ता फर्मच्या आणि आपल्या प्रत्येक कागदावरून काढावा. आणि यापुढे या प्रकरणात अर्जदाराची माफी कोणीही मागू नये. तिसऱ्या माफीला पुरेल इतके अंग आता दोघी बहिणींकडे नाही.

१३. हा अर्ज टपालाने पाठवलेला नाही. अर्जदार आणि ताई तो हातात घेऊन आल्या आहेत आणि आपल्या केबिनसमोरच्या बाकावर बसल्या आहेत. आता साडेदहा वाजले आहेत. जुनी हातोडी पोलिसांनी मुद्देमाल म्हणून नेली, म्हणून ताईच्या पिशवीत नवी आहे. दाखवायला सांगितल्यास ताई ती दाखवेल, काढून द्यायला सांगितल्यास देणार नाही. तीन वाजता तो या जिन्याने वर येईल. त्याच्या आत आदेश झाला तर आम्ही मागच्या जिन्याने निघून जाऊ आणि साहेबांना पुन्हा तोंड दाखवणार नाही. झाला नाही तर या दोन अर्जांपैकी एकाला अर्जदार उरणार नाही. तो कोणता अर्ज असेल, हे आजच सांगता येत नाही.

पत्ता हवाच असेल तर साहेबांनी बाहेर यावे. मी कानात सांगेन.

आपली नम्र, आणि सध्या आपल्या दाराबाहेरची,

(डाव्या हाताची सही)
अर्जदार
दिनांक १४, सकाळ

सोबत :
१) पहिले माफीपत्र, माजी पतीकडील प्रत. गाळ्याच्या फरशीवर सापडली. डाग ताईचे आहेत.
२) दुसरे माफीपत्र.
३) अर्जदाराच्या हाताचा एक्स-रे व ताईच्या डोळ्याचा दाखला.
४) पत्त्याचा पुरावा : जोडलेला नाही.

प्रत माहितीसाठी : कोणासही नाही.