नव्या मदरबोर्डावरचं कुंकू

२२ सप्टेंबर, सोमवार

आधी सगळ्यांची खुशाली. हे कसे आहेत? झोप बरी झाली, बीपी ठीक. जीभ अजून जड, दोन-तीन शब्द निघतात की गाडी थांबते. डोकं मात्र लख्ख, पेपर पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाचून काढतात. उजवा हात तसाच. मांडीवर ठेवला की मांडीवर. अश्विन कसा आहे? लेकाचा हैदराबादहून फोन होता, सर्दी झाली म्हणे, ऑफिसातल्या एसीची. शेजारच्या प्रेमलताबाईंचे गुडघे? विचारायची सोय नाही, विचारलं की अर्धा तास गेला. आणि मी? मला काय धाड भरली!

सगळ्यात वाईट तब्येत कॉम्प्युटरची आहे.

मे महिन्यात ह्यांना लकवा मारला. चौतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, नागपूर–पारशिवनी डोळे मिटून सांगेल — आणि फिजिओथेरपीच्या हर्षाताई व्यायामाला रबराचा चेंडू देत, तर भिंतीवर फेकून द्यायचे. डाव्या हातानं! मग अश्विननं त्याच्या कॉलेजातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बस चालवायचा गेम टाकून दिला, टेबलाला लहानसं स्टिअरिंग बसवलं. ह्यांनी बराच वेळ नुसतं पाहिलं. मग डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि चाकावर ठेवला. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. पोळी जळली.

हर्षाताई म्हणाल्या, "काकू, हेच औषध. पहिले सहा महिने सोन्याचे असतात, एक दिवस वाया नका जाऊ देऊ."

आता त्या गेमचं नवं रूप आलं आणि आपल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला ते झेपेना. वळण येतं, चित्र थिजतं, आणि पुन्हा हलतं तेव्हा बस झाडावर! मागच्या बुधवारी असंच झालं. चौतीस वर्षांत एक अपघात नाही ह्यांचा. हात चाकावरून काढून घेतले. तेव्हापासून त्या खुर्चीत बसले नाहीत.

पाच दिवस. सहा महिने नोव्हेंबरात संपतात.

२४ सप्टेंबर

अश्विनला सांगितलं. "आई, दिवाळीत येतो तं पाहून घेतो ना. तू काहून टेन्शन घेऊन राहिली?"

दिवाळी म्हणजे महिना गेला. बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पेचकस काढला.

मी शिवण कुठल्या क्लासात शिकले? जुना ब्लाऊज उसवून शिकले. तसाच हा कॉम्प्युटरचा डबा उसवला. धूळ केवढी, बाप्पा! एक मेलेली पालही निघाली. हे लांबून पाहत होते. पाल दाखवली तर हसले — वाकडं का होईना.

२५ सप्टेंबर

दुपारभर व्हिडिओ पाहिले. थांबवून, मागे नेऊन, वहीत चित्रं काढून. एवढं कळलं — प्रोसेसर म्हणजे डोकं. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर सगळं टाचलेलं असतं ते मूळ कापड. नवं डोकं जुन्या बोर्डावर बसत नाही. म्हणून बोर्डही नवा. नव्या बोर्डाला जुनी रॅम चालत नाही, तीही नवी. बाही बदलायला जावं आणि अख्खा ब्लाऊज बेतावा लागावा, तसं. डबा, पंखा, चित्राचं कार्ड — ते जुनंच चालेल.

ह्यांना सगळं समजावून सांगितलं. म्हणाले, "इंजिन."

हो, इंजिनच बदलायचंय म्हटलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

हर्षाताई येऊन गेल्या. हात पाहिला, तोंडानं काही बोलल्या नाहीत. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या गेल्यावर प्रेमलताबाईंना ह्यांच्याजवळ बसवलं आणि सदरला गेले. जितेंद्रचं कॉम्प्युटरचं दुकान. पोरगा नाही तो, चाळिशीचा बाप्या आहे, पण जीभ पोराची.

"कोणासाठी पाह्यजे काकू? नातवासाठी?"

"नवऱ्यासाठी."

"काका गेम खेळते?"

"बस चालवते."

दुकानातले दोघं-तिघं वळून पाहायला लागले. पण माणूस भला. कोणता प्रोसेसर, कोणता बोर्ड, जुना पॉवर सप्लाय पुरेल की नाही, सगळं नीट सांगितलं. मग म्हणतो, "डबा घेऊन या, फिट करून देतो. हे शिलाई मशीन नाही होय."

"माहीत आहे. शिलाई मशीनले तेल लागते."

हसला. मग गंभीर झाला. बोर्डावर मधोमध एक चौकोनी खाच असते, सॉकेट म्हणतात. प्रोसेसर तिच्यात बसतो. आत हजारावर पिना, केसापेक्षा बारीक, वरून काळं झाकण. "काकू, एक ध्यानात ठेवा. या पिनांले बोट लागलं का बोर्ड गेला."

बोर्डाचं खोकं मांडीवर घेऊन ऑटोत बसले. खड्डा आला की छातीशी धरत होते, तान्हं बाळ असावं तसं.

१ ऑक्टोबर

जोडणी आज करता आली असती. पण उद्या दसरा. नवं यंत्र पूजेआधी सुरू करायचं, हे काही मनाला पटेना. एक दिवसानं काय होतं!

ह्यांना बोर्ड काढून दाखवला. काळं झाकण उचलून पिनाही दाखवल्या. वाकून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "शेत."

खरंच की! टेकडीवरून गव्हाचं शेत दिसावं तसंच.

२ ऑक्टोबर, दसरा

पहाटेपासून दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज. मी झेंडूचे हार केले. कॉम्प्युटरच्या टेबलावरच पाट मांडला. पाटावर कात्री, पेचकस, शिलाई मशीनची बॉबीन आणि कापडावर नवा बोर्ड, शेजारी त्याचं खोकं. हळद, कुंकू, अक्षता. ह्यांना समोर खुर्चीत बसवलं.

दसऱ्याला डेपोत पहाटे पाचला जायचे हे. बस धुवायची, चाकाखाली लिंबू, काचेवर हार, कपाळावर कुंकू. गाडीच्या कपाळावर! ते कुठे असतं ते ह्यांनाच ठाऊक. आज नुसते बसून होते. डोळे मिटले होते, झोप लागली वाटलं.

संध्याकाळी चार घरी सोनं द्यायला गेले. प्रेमलताबाईंकडे गुडघ्यांनी उशीर केला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कसं लिहू.

सकाळी जोडणीला बसले. पाहते तर काळं झाकण बाजूला पडलेलं आणि सॉकेटमध्ये कुंकू! हळदही. तांदळाचा एक दाणा पिनांत रुतलेला. भिंग लावून पाहिलं — पाच-सहा पिना आडव्या. शेतात बैल शिरल्यासारखं.

मीच लावलं असणार. दुसरं कोण? परवा झाकण उचलून दाखवलं, ते पुन्हा बसवलं की नाही? आठवत नाही. पूजेत मी कुंकू बोर्डाच्या खोक्याला लावलं, असं मला वाटतंय. वाटतंय फक्त. हात मात्र बोर्डावर गेलेला दिसतोय. अक्षताही टाकल्या, आणि काही म्हणजे काही आठवत नाही.

मी रडले. ह्यांच्यासमोर रडायचं नाही ठरवलंय मे महिन्यापासून. आज राहवलं नाही. हे एकदम अस्वस्थ झाले. "मी... मी..." करायला लागले, डाव्या हातानं छातीवर थापा मारायला लागले. माझा जीवच गेला! धावत यंत्र आणलं, बीपी मोजलं. ठीक होतं. मग पुन्हा छातीवर थाप. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला गेले तर रागानं पट्टाच ओढून काढला. लिंबू-सोडा करून दिला, गॅस असेल म्हणून. प्यायले नाहीत.

बोर्डाचं दुःख नाही. बोर्ड दुसरा येईल. पण मी विसरायला लागले तर? आईचं असंच सुरू झालं होतं. पहिल्यांदा किल्ल्या, मग माणसं. मी विसरले तर ह्यांच्या गोळ्या कोण देणार? जीभ वळत नाही त्या माणसाचं कोण समजून घेणार?

गॅस बंद केला का ते तीनदा पाहून आले.

४ ऑक्टोबर

जितेंद्रला फोन. म्हणतो, "सॉकेटमधे कुंकू? काकू, वीस वर्षं झाले धंद्यात, चहा पाह्यला, झुरळ पाह्यलं. कुंकू पह्यल्यांदाच ऐकून राहिलो."

म्हणे दुसरा बोर्ड यायला दिवाळीनंतर. "तुम्ही हात नका लावू, अजून बिघडन."

अश्विन तर ओरडलाच. "आई, सॉकेटची कोणी पूजा करते का!"

माझ्या घरी करतात बाबा. काय सांगू.

५ ऑक्टोबर, रविवार

पहाटे उठल्याबरोबर मनात उजळणी केली. दूधवाल्याचं नाव, अश्विनचा वाढदिवस, पारशिवनीच्या रस्त्यावरचे थांबे ओळीनं. सगळं आलं. तरी भीती जात नाही.

मग ठरवलं. आणखी बिघडून काय बिघडणार? खिडकीशी बसले. उन्हं चांगली होती. बारीक कुंचला स्पिरिटमध्ये बुडवून कुंकू काढलं, टेकवायचा आणि उचलायचा, घासायचा नाही. दाणा चिमट्यानं निघाला. मग नऊ नंबरची सुई. मणी ओवायची.

सगळ्या पिना एकाच बाजूला कललेल्या असतात, मखमलीची लव असते तशी. आडव्या पडलेल्या पिनेच्या पोटाखाली सुई घालायची आणि उचलायचं नाही — श्वास सोडायचा. श्वासाबरोबर हात जेवढा हलतो तेवढाच. एक झाली. पाणी प्यायले. दुसरी. हे शेजारी बसलेले. चौथ्या पिनेशी सुई खाली ठेवली, तर ह्यांनी डावा हात माझ्या पाठीवर ठेवला. नुसता ठेवला.

सहा झाल्या. ओळीत उभ्या. चाळीस वर्षं शिवणावर डोळे फोडून घेतले ते आज कामी आले.

६ ऑक्टोबर

प्रोसेसर बसवला. माथ्यावर उष्णता उतरवायच्या पेस्टचा ठिपका, मुगाच्या दाण्याएवढा. वर पंखा. बोर्ड डब्यात, सगळ्या वायरी जागच्या जागी, वहीतली चित्रं पाहून. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

पंधरा मिनिटं काळा.

मग रॅम काढून पुन्हा बसवली, अंगठ्यानं जोर देऊन — टक्! केवढा गोड आवाज. पडद्यावर अक्षरं! मी टाळ्या वाजवल्या, वेडीसारख्या. प्रेमलताबाई गुडघे विसरून धावत आल्या.

"काय झालं वं?"

"सुरू झाला!"

"मले वाटलं चोर आला."

७ ऑक्टोबर, मंगळवार

खुर्चीत बसा म्हटलं तर मान वळवली. मी गेम लावला, इंजिनाचा आवाज मोठा केला आणि भाजी निवडायला गेले.

दहा मिनिटांनी हॉर्न! गेममधल्या त्या परदेशी रस्त्यावर कुणी हॉर्न देत नाही. हे प्रत्येक वळणावर देत होते. चित्र असं सरसर, लोण्यासारखं. दोन्ही हात चाकावर. उजवा नुसता ठेवलेला, पण होता. घाट आला, पाऊस आला, एक झाडही अंगावर आलं नाही. मी म्हटलं, जरा जोरात घ्या की. पाटीकडे बोट केलं. "चाळीस."

हर्षाताई दारात उभ्या राहून पाहत होत्या. आज त्या बोलल्या. "काकू, तुम्ही ग्रेट आहात."

ग्रेट कसली. घोटाळा केला आणि निस्तरला.

९ ऑक्टोबर

रोज दोन तास बस. बरं वाटतं. पण आज गोळ्यांची डबी पाहून मीच थबकले — सकाळची दिली की नाही? कप्पा रिकामा होता. दिली होती. दिवाळीनंतर डॉक्टरांकडे जाऊन मेंदूची तपासणी करून घ्यावी का? अश्विनला काही सांगायचं नाही. वहीपाशी बोलले तेवढं पुरे.

११ ऑक्टोबर

दोन दिवस ही वही सापडत नव्हती. घरभर शोधली. आज कॉम्प्युटरच्या टेबलावरच निघाली. घ्या! मीच ठेवली असणार.

१४ ऑक्टोबर

गोपिके. मी चंपत. अक्षर वाकडं आहे. उजव्या हाताचं आहे.

तुले कोणती बिमारी नाही. दसऱ्याले तू सोनं द्यायले गेली, तवा मी उठलो. गाडीले कुंकू लावाचं होतं. डावा हात काठीवर. राहिला उजवा. तो उठला.

झाकण मी काढलं. पिना माह्या बोटानं वाकल्या. सांगून राहिलो होतो, तू बीपी मोजत बसली. वही मीच घेतली होती, वाचाले.

एवढं लिहाले तीन दिवस लागले. खाली जागा ठेवली आहे. लौकर लिहिजो.