कडू लागलेला सफरचंदाचा गर

मी, लुएला हेन्सली, वय त्र्याऐंशी, मुक्काम वृद्धाश्रमाची खोली चौदा, कुणाच्याही दबावाशिवाय या मृत्युपत्रात लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. 'आज' मुद्दाम लिहिलंय. फेब्रुवारीपासून गेल्या महिन्यापर्यंत ते नव्हतं, आणि त्यात माझा दोष नव्हता.

१. घर विकलं गेलंय, त्यामुळे त्यावर भांडण नाही. डोंगराकडची बाग, सफरचंदाची सदतीस झाडं, मुलगा गॅरेटला. कलमं बांधायचा चाकूही त्यालाच. धार लावत जा रे, तू कधीच लावत नाहीस.

२. गॅरेटसाठी आणखी. दुपारच्या जेवणाबरोबर मला सफरचंदाचा गर द्यायचे. मी नर्स कॉलीनला विचारलं, "यात काय घातलंय?"

"काही नाही हो, मिस लुएला. नुसता गर."

"पोरी, पन्नास वर्षं मी हा गर शिजवलाय. इतकं कडू फळ देणारं झाड मी जळणाला घातलं असतं."

ती हसली. मी तोंड मिटलं. पाच दिवस गराला हात लावला नाही. सहाव्या दिवशी ती खाटेवर टेकली आणि खरं बोलली. त्यात गोळी कुस्करलेली असायची. मी दुपारी ओरडते, म्हणून शांत ठेवायची. संमतीच्या कागदावर सही तुझी, गॅरेट. अरे, कंबर दुखायची म्हणून ओरडायचे मी! आणि तू फोनवर, "आई आता किती शांत झालीये." शांत नव्हते. झोपवलेली होते. आता ती गोळी बंद आहे, कंबरेची देतात, नाव सांगून. राग आहे तुझा, पण सोबत न्यायला अंगात जोर नाही. इथेच ठेवून जाते.

३. गर काढायचं यंत्र चर्चच्या स्वयंपाकघराला. दांडा ढिला आहे.

४. पानांवरची कीड बघायचं माझं भिंग शेजारच्या खाटेवरच्या वर्डीला. पत्त्यांत काय लबाडी करायची बाई! आता पत्ते हातातून गळतात. तिलाही तसाच गर मिळतो. मी विचारलं तर मॅनेजरबाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं औषध तुम्हाला सांगता येत नाही." मला नका सांगू. तिला सांगा. गोळीच्या पाकिटावरची अक्षरं तिने स्वतः वाचावीत, मग वाटलं तर तोंड उघडावं.

हे कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाही. उद्या न्याहारीआधी कॉलीनने ते वर्डीला मोठ्याने वाचून दाखवावं, भिंग हातात द्यावं. दुपारी, गर खाल्ल्यावर, वाचून उपयोग नाही. आत्ता अडीच वाजलेत. ती समोरच आहे, आणि नाही.

सही : लुएला हेन्सली
नॉर्थ कॅरोलायना, बुधवार, ९ ऑक्टोबर २०१९

साक्षीदार :
आयडा क्रो, बुधवारी केस कापायला येते
कॉलीन रॅमी, नर्स. उद्या सात वाजता वाचते. पाकीट घेऊन येते.